खांद्याचं टोक दुखतंय आणि रोज ओढलं जातंय तेच

प्रश्न थोडक्यात असा आहे. वय २६, चार वर्षं वेटलिफ्टिंग. जिल्हा निवड आता सहा आठवड्यांवर आहे. तिच्यासाठी दोन महिन्यांपूर्वी सराव तीन दिवसांवरून सहा दिवसांवर नेला, शिवाय संध्याकाळी बेंच प्रेस आणि डिप्स. आता उजवा खांदा अगदी वरच्या बाजूला, 'कॉलरबोन संपते त्या गाठीवर' दुखतो, जर्कमध्ये बार खांद्यावरून डोक्यावर गेला की चमक येते, त्या कुशीवर झोपता येत नाही. मोबाइलवर बघून रोज दोन वेळा वीस-वीस मिनिटं स्ट्रेचिंग चालू आहे: हात छातीवरून पलीकडे ओढून धरणं, दांडीला लटकणं, दाराच्या चौकटीत छाती ताणणं. फरक काही नाही. अजून कोणते स्ट्रेच करू, आणि निवड खेळू का?

अजून कोणते करायचे ते नंतर बघू. आधी एक बंद करा. हात छातीवरून पलीकडे ओढून धरायचा तो स्ट्रेच आजपासून नको.

कारण सांगतो. तुम्ही लिहिलंय, दुखणं 'कॉलरबोन संपते त्या गाठीवर' आहे. माझ्याकडे खांदा घेऊन कुणी आलं की मी पहिल्यांदा एवढंच म्हणतो, कुठे दुखतंय ते दाखवा. जो माणूस सगळा तळवा दंडाच्या बाहेरच्या बाजूला फिरवतो, त्याचं दुखणं बहुधा आतल्या स्नायूंच्या कंडरांचं, म्हणजे स्नायू हाडाला बांधणाऱ्या दोरांचं असतं. जो एक बोट खांद्याच्या टोकावर ठेवून 'हे इथे' म्हणतो, त्याचा एसी जॉइंट दुखत असतो. कॉलरबोन आणि खवाट्याचं वरचं टोक जिथे भेटतात, तो हा लहानसा सांधा. तो दुखतोय का हे बघायची आमची नेहमीची तपासणी म्हणजे हात समोर खांद्याच्या उंचीला आणून छातीवरून पलीकडे दाबणे. सांधा चिडलेला असेल तर त्या दाबाने कळ येते. म्हणजे जी हालचाल आम्ही दुखणं उठवून बघण्यासाठी एकदाच करतो, ती तुम्ही उपचार म्हणून दिवसातून दोनदा, मिनिट-मिनिट धरून करताय.

हा दोष तुमचा नाही. जिममध्ये कुणाचाही खांदा दुखला की शेजारचा पहिला तोच स्ट्रेच दाखवतो.

जड वजनं मारणाऱ्यांमध्ये कॉलरबोनच्या या टोकावर वारंवार ताण पडून तिथलं हाड थोडं थोडं झिजायला लागतं. वैद्यकीय पुस्तकांत याचं टोपणनावच 'वेटलिफ्टर्स शोल्डर' आहे. गंमत अशी, की याला स्नॅच (बार एका दमात थेट डोक्यावर) किंवा क्लीन (बार जमिनीवरून खांद्यावर) यांपेक्षा बेंच प्रेस आणि डिप्स जास्त कारणीभूत ठरतात. बेंचमध्ये बार छातीला टेकतो तेव्हा कोपरं धडाच्या मागे जातात, आणि डिप्समध्ये तर शरीराचं सगळं वजन त्याच स्थितीत लोंबतं. दोन्हीत ताण जाऊन बसतो तो या टोकावर. आपल्याकडच्या पोरांची ही जुनी खोड आहे: स्पर्धा वेटलिफ्टिंगची, पण छाती मात्र बॉडीबिल्डरसारखी हवी. स्पर्धेत बेंचला गुण नाहीत. पूर्वी क्लीन अँड प्रेस होतं, तेही १९७२च्या म्युनिक ऑलिंपिकनंतर गेलं. तुमचे डिप्स कुणासाठी चाललेत ते एकदा स्वतःला विचारा.

लांबून लिहिलेल्या चार ओळींवरून मी निदान करत नाहीये, अंदाज सांगतोय. डॉक्टरांकडे जाऊन एक्स-रे काढायचा झाला तर 'एसी जॉइंटचा' असं मुद्दाम सांगा. नेहमीच्या खांद्याच्या एक्स-रेमध्ये हा भाग बऱ्याचदा काळपट येतो आणि नीट दिसत नाही. नळी थोडी वरच्या दिशेला कलती ठेवून काढतात, त्याला झांका व्ह्यू म्हणतात. थेट एमआरआयच्या मागे लागू नका. अजिबात दुखत नसलेल्या माणसांच्या खांद्यांतही एमआरआयमध्ये फाटलेलं-झिजलेलं दिसतं, वयाबरोबर तर फारच. रिपोर्टमधला एक शब्द वाचून घाबरलेला लिफ्टर सावरायला खांद्यापेक्षा जास्त वेळ लागतो.

आता स्ट्रेचिंगकडे. आपण याला उखळीचा सांधा म्हणतो, पण खरी उखळ खुब्याच्या सांध्यात आहे. खांद्यात आहे ती बशी, तीही उथळ. चेंडू त्या बशीवर टिकतो तो स्नायू आणि बंधनांच्या जोरावर. म्हणून हा शरीरातला सगळ्यात मोकळा सांधा आहे, आणि सगळ्यात सहज निखळणाराही. अशा सांध्यात 'दुखतंय म्हणजे आखडलंय' हा हिशेब चालत नाही. दुखरा खांदा सैलही असू शकतो. सैल खांद्याला ताणणं म्हणजे आधीच ढिल्या झालेल्या खाटेची सुंभं आणखी सोडवणं.

तेव्हा आधी बघा, तुमचं काही आखडलंय का. जमिनीवर उताणे झोपा, गुडघे वाकवून पाय टेकवा, कंबर जमिनीला चिकटलेली. दोन्ही हात सरळ डोक्यामागे न्या. बरगड्या न उचलता हात जमिनीला टेकले तर खांद्याला लागते तेवढी मोकळीक तुमच्याकडे आहे. हाताचं आणखी ताणकाम करून मिळणार काही नाही. हात अधांतरी राहिले, किंवा टेकवायला कंबरेची कमान करावी लागली, तर बगलेखालचे पाठीचे रुंद स्नायू आखडलेत. तिसरीही एक शक्यता आहे आणि लिफ्टरांमध्ये मी तीच जास्त बघतो: झोपून हात आरामात टेकतात, पण उभं राहून काठी डोक्यावर धरली की हात पुढे पडतात. इथे लांबी कमी नाही. पाठीचा वरचा भाग ताठ तरी आहे, नाहीतर खवाटा वर फिरवणाऱ्या स्नायूंत ताकद नाही. हात कानापर्यंत, म्हणजे साधारण १८० अंश वर जातो तेव्हा त्यातले सुमारे १२० अंश खांद्याचा सांधा देतो आणि ६० अंश खवाटा फिरून मिळतात. खवाट्याने आपला वाटा उचलला नाही तर तो भार खांद्याच्या टोकावरच येतो.

आणखी एक पाहणी. अंगठा वाकवून मनगटापाशी हाताला टेकतो का? कोपर सरळ करताना उलट बाजूला वळतं का? असं असेल तर तुम्ही मुळात लवचीक माणूस आहात. अशांना मी खांद्याचे स्ट्रेच देतच नाही, ताकदीचं काम देतो. दाराच्या चौकटीतला छातीचा स्ट्रेच तर अशांनी अजिबात करू नये. हात बाजूला काटकोनात ठेवून धड पुढे रेललं की स्नायूबरोबर सांध्याच्या पुढच्या बाजूची बंधनंही ताणली जातात.

आखडलेलंच निघालं तर दोन गोष्टी पुरेत. पहिली: चादर घट्ट गुंडाळून ती खवाट्यांच्या खालच्या टोकांशी आडवी येईल अशी पाठीखाली घ्या, हात मानेमागे, आणि श्वास सोडत पाठ तिच्यावरून मागे सोडा. कंबर नाही, पाठीचा वरचा भाग. आठ-दहा श्वास, मग गुंडाळी दोन बोटं वर सरकवून पुन्हा. दुसरी: खाटेसमोर गुडघ्यांवर बसा, काठी दोन्ही हातांत धरून कोपरं खाटेवर टेकवा, आता बूड मागे टाचांकडे न्या आणि डोकं हातांच्या मध्ये खाली सोडा. बगलेखाली ताण आला पाहिजे, खांद्याच्या टोकावर नाही. टोकावर चमक आली तर तो स्ट्रेच सध्या तुमच्यासाठी नाही. तीस सेकंद धरा, तीनदा. दांडीला पूर्ण लटकणं आत्ता थांबवा. पुढे करायचं तेव्हा पाय जमिनीवर ठेवून, अर्धं वजन पायांवर घेऊन करा.

वेळ महत्त्वाची. एकेक स्नायू मिनिटापेक्षा जास्त धरून ताणला तर त्यानंतर काही काळ त्याची ताकद थोडी उतरते. म्हणून लांब धरायचे स्ट्रेच सरावानंतर किंवा रात्री. सरावाआधी हलतं वॉर्मअप: काठी घेऊन हात वर-खाली, रिकाम्या बारने स्नॅच बॅलन्स, बँड ओढणं. आणि स्ट्रेचकडून अपेक्षा माफक ठेवा. पहिल्या काही आठवड्यांत जी मोकळीक वाढल्यासारखी वाटते ती बरीचशी ताण सहन करण्याची सवय असते. स्नायू लांब झालेला नसतो. म्हणूनच सकाळी सैल वाटणारा खांदा संध्याकाळी पुन्हा तिथेच येतो.

तुमचा खरा प्रश्न दोन महिन्यांपूर्वीच्या वहीत आहे. तीन दिवसांचे सहा दिवस, वर बेंच, वर डिप्स. स्नायू हे पेलून घेतात, काही आठवड्यांत जुळवून घेतात. कंडरा आणि हाड इतक्या लवकर जुळवून घेत नाहीत, त्यांना महिने लागतात. शिवाय तुमच्या जिममध्ये रबरी बंपर प्लेट आहेत का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. आमच्या मिरज-शिरोळ पट्ट्यात २०१४च्या ग्लासगो राष्ट्रकुल स्पर्धेत कुरुंदवाडच्या ओंकार ओतारी, गणेश माळी आणि चंद्रकांत माळी या तिघांनी कांस्यपदकं आणल्यापासून गावोगाव पोरं बार धरायला लागली, पण बऱ्याच ठिकाणी अजून लोखंडी प्लेटच आहेत. लोखंडी प्लेट सोडून देता येत नाहीत, फरशी फुटते. मग प्रत्येक जर्क डोक्यावरून खांद्यावर सावकाश उतरवायचा. उचलताना पाय मदत करतात, उतरवताना सगळं खांद्यांवर येतं. पंधरा जर्क मारणारा मुलगा खरं तर पंधरा जड उतरणीही मारत असतो, आणि त्या कुणी मोजत नाही. जुने टायर किंवा जाड रबरी मॅट टाकून बार सोडता आला तर नुसत्या तेवढ्यानेही खांद्याला उसंत मिळते.

पूर्ण विश्रांती मात्र घेऊ नका. मी स्वतः चोवीस-पंचवीसचा असताना ही चूक केली आहे, आणि तीही दोन्ही टोकांनी. आधी दुखतंय तरी मारत राहिलो. मग तालमीतल्या एका जाणत्याने 'शीर सरकलीय' म्हणून हात धरून हिसडा दिला. त्यानंतर तीन महिने हात कुशीला लावून बसलो. दुखणं गेलं म्हणून परत बार घेतला आणि दुसऱ्या आठवड्यात पुन्हा तेच, कारण मधल्या काळात खांदा होता त्याहून दुबळा झाला होता. हिसडा देणाऱ्यावर माझा राग नाही, त्याचा हेतू चांगला होता. पण खांद्याला शीर सरकणं नावाचा प्रकार नसतो. तेल चोळा, शेक घ्या, बरं वाटतं तर जरूर घ्या. हिसडा कुणालाही देऊ देऊ नका.

मग काय करायचं? डिप्स बंद, सहा आठवडे तरी. बेंच हवाच असेल तर जमिनीवर झोपून डंबेलने, तळवे एकमेकांसमोर. कोपर जमिनीला टेकतं तिथे हालचाल आपोआप थांबते आणि हात धडामागे जात नाही. पुढे बार घ्याल तेव्हा पकड दोन खांद्यांच्या टोकांमधल्या अंतराच्या दीडपटीहून रुंद नको. सराव पुन्हा आठवड्याला चार दिवस. पुल, स्क्वॉट, फ्रंट स्क्वॉट नेहमीसारखे. फ्रंट स्क्वॉटमध्ये बार नेमका दुखऱ्या गाठीवर टेकत असेल तर काही दिवस बॅक स्क्वॉट. स्नॅच बहुतेकांना जर्कपेक्षा कमी त्रास देतो, त्यामुळे हलक्या वजनावर चालू ठेवा. जर्क पहिले दोन आठवडे फक्त पायांचा: जर्क ड्राइव्ह, बार डोक्यावर न्यायचाच नाही.

दुखण्याला दहापैकी गुण द्या. सरावात तीनपर्यंत चालेल. पण दुसऱ्या दिवशी सकाळी उठल्यावर आदल्या सकाळपेक्षा जास्त दुखत असेल तर कालचं वजन जास्त झालं, मग सरावात ते कितीही गोड वाटलेलं असो. हा सकाळचा आकडा वहीत वजनांशेजारी लिहा. माझ्या अनुभवात याहून उपयोगी यंत्र नाही आणि हे फुकट आहे.

ताकदीचं काम एक दिवसाआड. कुशीवर झोपून वरचं कोपर बरगडीला चिकटवून एक-दीड किलोचं डंबेल बाहेर फिरवणं, पंधराचे तीन सेट. हे हास्यास्पद हलकं वाटेल. शंभरच्या वर क्लीन करणारा पोरगा दीड किलोवर थरथरतो ते मी दर महिन्याला बघतो. दुसरं, भिंतीवर जोर काढायचे आणि वर आल्यावर हात सरळ ठेवून आणखी दोन बोटं ढकलायचं, म्हणजे खवाटे बरगड्यांवरून पुढे सरकतील. दोन आठवड्यांनी हेच जमिनीवर. तिसरं, बाकावर पालथं पडून दोन्ही हात इंग्रजी वाय अक्षरासारखे वर उचलणं, रिकाम्या हातांनी सुरुवात. तिसऱ्या आठवड्यापासून रिकामा बार डोक्यावर धरून वीस सेकंद उभं राहणं, कोपरं कुलूपबंद, खवाटे वर. मुद्गल फिरवणाऱ्यांच्या घरचे असाल तर तो काढायला हरकत नाही, खांद्याच्या फिरत्या ताकदीला तो उत्तमच. पण दुखणं निवल्यावर आणि सगळ्यात हलका.

पहिल्या काही दिवसांत बर्फाने बधिर होऊन बरं वाटतं, तेवढाच त्याचा उपयोग समजा. विश्रांती-बर्फ-दाब-उंची हे सूत्र १९७८ मध्ये मांडणारे अमेरिकी डॉक्टर गेब मिर्किन यांनीच पुढे २०१४ मध्ये लिहिलं, की बर्फ आणि पूर्ण विश्रांती भरून येण्याला उशीर लावू शकतात. वेदनाशामक गोळी खाऊन सराव तर मुळीच नको. तिने सकाळचा आकडा खोटा येतो, पोट आणि मूत्रपिंडांचं नुकसान वेगळंच. स्टेरॉइडचं इंजेक्शन कुणी सुचवलं तर एक लक्षात ठेवा: १ जानेवारी २०२२ पासून वाडाच्या (जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या) नियमांत स्पर्धेच्या काळात ग्लुकोकॉर्टिकॉइडचं कोणतंही इंजेक्शन निषिद्ध आहे, सांध्यात दिलेलंसुद्धा. डॉक्टरांना 'मी स्पर्धा खेळतो' हे पहिल्याच वाक्यात सांगा.

झोप सात-आठ तास, दुखरी बाजू वर, आणि त्या हाताखाली पुढे एक उशी, म्हणजे हात छातीवरून पलीकडे लोंबणार नाही. ती झोपेतली तीच तपासणी आहे, सहा तास चालणारी. वजनाच्या प्रत्येक किलोमागे दीड ग्रॅमच्या आसपास प्रथिनं पडतात का बघा. अंडी, मटकी, डाळ, दूध, पनीर, जे परवडेल ते. वजनगट गाठायला म्हणून सध्या वजन उतरवत असाल तर थांबवा, उपाशी शरीर भरून काढत नाही.

काही गोष्टींना यातलं काहीच लागू नाही. उचलताना आतून 'टक्' आवाज येऊन हात उचलेनासा झाला, खांद्याचा आकार बदलला, हाताला मुंग्या किंवा बधिरपणा, ताप येऊन खांदा लाल-गरम, रात्री कोणत्याही कुशीवर न थांबणारा ठणका: त्याच दिवशी डॉक्टर. डावा खांदा दुखत छातीत दडपण आणि घाम असेल तर वय २६ असलं तरी थेट रुग्णालय. २०२२च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत सांगलीच्या संकेत सरगरचं कोपर क्लीन अँड जर्कच्या दुसऱ्या प्रयत्नात दुखावलं, तरी तो तिसऱ्यासाठी आला. २४८ किलोवर रौप्य मिळालं, सुवर्ण एका किलोने गेलं. ते व्यासपीठ होतं आणि तो निर्णय त्याचा. आपला मंगळवारचा सराव बर्मिंगहॅम नाही.

खांदा दुखला म्हणजे कारकीर्द संपली असंही नाही. मीराबाई चानू २०२०च्या शेवटी पाठ आणि खांद्याच्या तक्रारी घेऊन अमेरिकेत आरोन हॉर्शिग यांच्याकडे गेली होती. ते स्वतः वेटलिफ्टिंग केलेले फिजिओ आहेत. एप्रिल २०२१ मध्ये ताश्कंदला तिने ४९ किलो गटात क्लीन अँड जर्कचा ११९ किलोचा विश्वविक्रम केला, आणि जुलैत टोकियोला रौप्य.

राहिला शेवटचा प्रश्न, खेळू का. आज ठरवू नका. तिसऱ्या आठवड्यात स्टँडवरून पॉवर जर्क, तुमच्या सर्वोत्तमच्या निम्म्यावर. चौथ्या आठवड्याच्या शनिवारी ७० टक्क्यांवर दोन-दोनचे तीन सेट. रविवारी सकाळी चहाच्या आधी उजवा हात डाव्या खांद्यावर ठेवून कोपर हलकेच वर उचला. दुखलं नाही, किंवा दहापैकी एक दुखलं, तर खेळा, आणि पहिला प्रयत्न नेहमीपेक्षा पाच-सात किलो खाली लावा. तीन किंवा जास्त दुखलं तर नाव मागे घ्या. दोनवर असाल तर बुधवारी तेच पुन्हा करून बघा. 'स्नॅच तरी मारून येतो' हा मोह टाळा. क्लीन अँड जर्कचा एकही प्रयत्न बसला नाही तर टोटल, म्हणजे दोन्ही प्रकारांची बेरीज, लागत नाही, आणि टोटलशिवाय निवड होत नाही.